'यूटीएफ-८ घेतलं' म्हणजे नक्की काय घेतलं? बहुभाषिक डेटासाठी कॅरॅक्टर सेट निवडताना अडलोय

कोरा_कागद

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आता गळ्याशी आलं म्हणून धागा काढतोय.

आमचं एक ॲप मायएसक्यूएल ५.७ या डेटाबेसवर चालतं. सुरुवातीला फक्त इंग्रजी आणि मराठी होतं. आता हिंदी, अरबी आणि जपानी आणायचंय, आणि प्रतिक्रियांत इमोजी तर लोक टाकणारच. डेटाबेस नव्याने उभा करायची मुभा आहे, मायएसक्यूएल ८ किंवा पोस्टग्रेस. एका क्लायंटचा हट्ट एसक्यूएल सर्व्हरचा आहे, म्हणजे तिथेही हेच चालवावं लागणार.

अडचणी अशा:

एक, सगळ्या नव्या टेबलांना 'यूटीएफ८' हा कॅरॅक्टर सेट (अक्षरं बाइटांत कशी साठवायची त्याचा नियम) लावलेला आहे. तरीही कुणी वाक्याच्या मधे इमोजी टाकला की तिथून पुढचं सगळं गायब. एरर नाही, लॉगमध्ये काही नाही. अर्धं वाक्य तेवढं उरतं.

दोन, काही जुन्या टेबलांतलं मराठी ॲपमध्ये छान दिसतं, पण तेच वर्कबेंचमध्ये (मायएसक्यूएलचा डेटा बघायचं साधन) उघडलं की डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, मग चलनाचं ते चार पायांचं गोल चिन्ह, मग अजून काहीतरी, अशी रांगच्या रांग. डेटा बरोबर आहे की बिघडलाय हेच कळेना.

तीन, टीममधले एकजण म्हणतात देवनागरीला यूटीएफ-८ मध्ये अक्षरामागे तीन बाइट जातात, त्यापेक्षा यूटीएफ-१६ घ्या. खरं का?

मधलीसुट्टी

पहिल्याचं सांगते, दुसऱ्यासाठी जुन्या जाणत्यांची वाट बघू.

मायएसक्यूएलमध्ये 'यूटीएफ८' हे नाव फसवं आहे. ते तीन बाइटांवर थांबतं, म्हणून त्याचं खरं नाव यूटीएफ८एमबी३. खऱ्या यूटीएफ-८ मध्ये एका कोडपॉइंटला (युनिकोडने प्रत्येक चिन्हाला दिलेला क्रमांक, 'यू+' लावून लिहितात) चार बाइटपर्यंत लागतात आणि बहुतेक इमोजी त्या चारवाल्यांत येतात. तुम्हाला हवाय तो यूटीएफ८एमबी४, जो ५.५.३ पासून आहे. ८.० मध्ये तर तोच डीफॉल्ट आहे.

वाक्य तुटतं कारण तुमच्याकडे स्ट्रिक्ट मोड (चुकीचा डेटा सरळ नाकारायची सेटिंग) बंद असणार. चालू असता तर १३६६ क्रमांकाची एरर आली असती आणि आत एफ०९एफ ने सुरू होणारे बाइट दिसले असते. बंद असला की सर्व्हर न पेलणाऱ्या बाइटपाशी कात्री लावतो, उरलेलं टाकून देतो आणि फक्त वॉर्निंग देतो, जी कुणीच वाचत नाही. जे कापलं गेलं ते परत येणार नाही, आधीच सांगून ठेवते.

कुणी म्हणेल आम्हाला इमोजी नकोत, मराठीला तीन पुरतात. देवनागरीला पुरतात, मोडीला नाही. मोडी युनिकोडमध्ये २०१४ साली ७.० आवृत्तीत आली, यू+११६०० पासून पुढे, म्हणजे चार बाइट. जपानी नावांतल्या काही कांजींचंही तेच, यू+२०००० च्या पुढे राहतात. माणसाचं नावच साठवता आलं नाही तर ॲप काय कामाचं?

कोरा_कागद

धन्यवाद! स्ट्रिक्ट मोड खरंच बंद निघाला. 'जुनं काही मोडू नये म्हणून' कुणीतरी केलेला दिसतोय.

अजून एक, आमच्या कोडमध्ये जागोजागी व्हारकॅर १९१ (म्हणजे कॉलममध्ये जास्तीत जास्त १९१ अक्षरं) आहे. तो आकडा कुठून आला?

मधलीसुट्टी

हाहा, तो जुना घाव आहे. इनोडीबीच्या (मायएसक्यूएलचं साठवणीचं इंजिन) जुन्या 'कॉम्पॅक्ट' रो फॉरमॅटमध्ये इंडेक्समधल्या एका कॉलमला ७६७ बाइटांची मर्यादा होती. तीन बाइटांच्या हिशोबात २५५ अक्षरांचे ७६५ होतात, बसतात. चारच्या हिशोबात १०२०, बसत नाहीत. म्हणून लोकांनी १९१ केलं, ७६४ बाइट. डायनॅमिक रो फॉरमॅटला मर्यादा ३०७२ आहे, त्यामुळे नव्या टेबलांत हा प्रश्न येत नाही. जुन्या आवृत्त्यांतून ओढत आणलेली टेबलं मात्र अजून कॉम्पॅक्टवर असू शकतात, तेवढं बघा.

जुना_टर्मिनल

दुसरा प्रश्न माझ्या आवडीचा. स्क्रीनवर काय दिसतं यावर विश्वास ठेवू नका. स्क्रीन खोटं बोलते, हेक्स बोलत नाही. हेक्स फंक्शन लावून कॉलममधले कच्चे बाइट (सोळाच्या पायाच्या अंकांत) बघा, सोबत कॉलमची व्याख्या बघा. दोन्ही एकत्र बघितल्याशिवाय निदान होत नाही.

'क' हे अक्षर घ्या. यूटीएफ-८ मध्ये त्याचे बाइट ई० ए४ ९५. देवनागरीतलं कुठलंही अक्षर ई०ए४ किंवा ई०ए५ ने सुरू होतं, हे पाठ करून ठेवा. आता तीन शक्यता.

कॉलम यूटीएफ८ आहे आणि हेक्स ई०ए४९५ आहे: डेटा ठणठणीत, बघणाऱ्या साधनाचं कनेक्शन चुकलंय.

कॉलम लॅटिन१ (पश्चिम युरोपीय भाषांचा, अक्षरामागे एकच बाइट घेणारा कॅरॅक्टर सेट) आहे आणि हेक्स ई०ए४९५ आहे: बाइट बरोबर, पाटी चुकीची. ॲप लॅटिन१ म्हणून जोडलं जातं, लॅटिन१ म्हणूनच बाइट परत मिळतात, कुणी काही बदलत नाही, म्हणून ॲपमध्ये छान दिसतं. वर्कबेंच प्रामाणिकपणे विचारतं 'हे लॅटिन१ आहे ना?' आणि तसं दाखवतं. ई० म्हणजे तुमचा तो तिरक्या रेघेचा ए, ए४ म्हणजे चलनाचं चिन्ह.

कॉलम यूटीएफ८ आहे आणि हेक्स सी३ए० सी२ए४ ई२८०ए२ आहे: हा दुहेरी एन्कोडिंगचा रोग. ॲपने यूटीएफ-८ बाइट पाठवले पण कनेक्शनने सांगितलं 'हे लॅटिन१ आहे', सर्व्हरने प्रत्येक बाइटला स्वतंत्र अक्षर समजून पुन्हा यूटीएफ-८ केलं. तीन बाइटांचे सात झाले. मायएसक्यूएलचं लॅटिन१ हे प्रत्यक्षात विंडोजचं १२५२ कोडपेज आहे, म्हणून त्या ९५ चा गोल ठिपका होतो आणि त्यालाच तीन बाइट लागतात.

उपाय वेगवेगळे. चुकीच्या पाटीवाल्या कॉलमला थेट 'कन्व्हर्ट टू' ही रूपांतराची आज्ञा लावलीत तर मेलात. सर्व्हर आज्ञाधारक आहे, तो लॅटिन१ समजून रूपांतर करेल आणि दुसऱ्या प्रकारातला डेटा तिसऱ्यात जाईल. आधी कॉलम ब्लॉब (नुसत्या बाइटांचा प्रकार) करा, म्हणजे पाटी निघते आणि बाइटांना हात लागत नाही, मग ब्लॉबवरून यूटीएफ८एमबी४ टेक्स्ट करा. दुहेरी झालेल्यांना उलटा रस्ता: मजकूर लॅटिन१ मध्ये बदला, बायनरी म्हणून कास्ट करा, ते बायनरी यूटीएफ८एमबी४ म्हणून वाचा.

आणि हे सगळं कॉपीवर.

कोरा_कागद

बघितलं. काही टेबलं दुसऱ्या प्रकारची. पण एका टेबलात एकाच कॉलममध्ये काही ओळी ठणठणीत आणि काही दुहेरी! हे कसं?

जुना_टर्मिनल

मधे कधीतरी कुणीतरी कनेक्शनची सेटिंग 'दुरुस्त' केली असणार. त्यापूर्वीच्या ओळी दुहेरी, नंतरच्या बरोबर. अशा टेबलावर सरसकट अपडेट चालवू नका. हेक्समध्ये सी३ए०सी२ए४ किंवा सी३ए०सी२ए५ आहे अशाच ओळी निवडा, त्यातल्या दहा-वीस डोळ्यांनी वाचा, मग चालवा. एकच अपडेट दोनदा चालणार नाही याचीही काळजी घ्या.

ओळीत नुसतं ३एफ३एफ३एफ दिसलं तर मात्र हात जोडा. ती खरीखुरी प्रश्नचिन्हं आहेत. तिथून मराठी परत निघत नाही, बॅकअप शोधायचा.

अवांतर: ऑरॅकलवाल्यांनी हसू नये. तिथे क्लायंटचा एनएलएस_लँग (क्लायंट कोणत्या कॅरॅक्टर सेटमध्ये बोलतो ते सांगणारी सेटिंग) डेटाबेसच्या कॅरॅक्टर सेटएवढाच ठेवला की रूपांतर होतच नाही, बाइट जसेच्या तसे आत. मी काम केलेल्या एका ठिकाणी पश्चिम युरोपीय कॅरॅक्टर सेटच्या डेटाबेसमध्ये वर्षानुवर्षं देवनागरी सुखाने नांदत होती. सगळ्या खिडक्या एकाच चष्म्यातून बघत होत्या, मग कुणाला कळणार? जावाचं वेब ॲप आलं, त्याने प्रामाणिकपणे रूपांतर केलं आणि त्या आठवड्यात मी घरी फक्त अंघोळीला जात होतो.

ऑरॅकलमध्येही नाव फसवं आहे बरं. तिथलं 'यूटीएफ८' चार बाइटांची अक्षरं तीन-तीनच्या दोन तुकड्यांत, सहा बाइटांत साठवतं. हवं ते एएल३२यूटीएफ८.

अर्धचंद्र

मी एसक्यूएल सर्व्हरवाला. तिसऱ्या प्रश्नावर सगळे गप्प का? एनव्हारकॅरमध्ये (आमचा यूटीएफ-१६ वाला मजकुराचा प्रकार) देवनागरीचा कोडपॉइंट दोन बाइटांत बसतो, यूटीएफ-८ मध्ये तीन लागतात. म्हणजे मराठी मजकुराची जागा दीडपट. हे गणित आहे, मत नाही. २०१९ पासून आमच्याकडे यूटीएफ-८ कोलेशन (मजकूर ताडायचे नियम, आमच्याकडे एन्कोडिंगही त्यावरच ठरतं) आहेत, पण ते इंग्रजी जास्त असलेल्यांच्या फायद्याचं. जपानीचंही तसंच, तिथेही दोनास तीन.

मधलीसुट्टी

गणित बरोबर आहे, पण टेबलात नुसतं मराठी नसतं हो. आयडी, तारखा, यूआरएल, जेसनच्या कीज, एचटीएमएलचे टॅग, हे सगळं आस्की (साधी रोमन अक्षरं, अंक) आणि ते यूटीएफ-१६ मध्ये दुप्पट होतं. एका परिच्छेदाभोवती संपादकाने ओतलेले स्पॅन टॅग बघितलेत कधी? आणि पोस्टग्रेसमध्ये सर्व्हरचं एन्कोडिंग म्हणून यूटीएफ-१६ मिळतच नाही, त्यामुळे तिथे वादच नाही. धागाकर्त्यांनी स्वतःच्या डेटावर मोजावं, दुसऱ्याच्या मोजमापावर जाऊ नये.

एसक्यूएल सर्व्हरवर एनव्हारकॅरच घ्या, यात मात्र अर्धचंद्र यांना +१.

अर्धचंद्र

घेतलंत तर क्वेरीत मजकुरापुढचा 'एन' विसरू नका. एन नसेल तर ती स्ट्रिंग आधी डेटाबेसच्या कोडपेजमध्ये जाते, तिथे देवनागरी नसली की प्रश्नचिन्हं होतात आणि ती प्रश्नचिन्हं एनव्हारकॅरमध्ये व्यवस्थित साठवली जातात. कॉलम बरोबर, डेटा मेलेला. पॅरामीटर वापरले तर हा त्रास सहसा होत नाही.

लांबीचंही बघा. एनव्हारकॅर २० म्हणजे वीस अक्षरं नव्हेत, दोन-दोन बाइटांच्या वीस जागा. इमोजीला दोन जागा लागतात. व्हारकॅरला यूटीएफ-८ कोलेशन लावलंत तर २० म्हणजे वीस बाइट.

जुना_टर्मिनल

लांबीवरून आठवलं. 'नमस्कार' मोजा: न, म, स, हलन्त, क, काना, र. सात कोडपॉइंट, एकवीस बाइट. ऑरॅकलच्या डीफॉल्ट बाइट हिशोबातल्या व्हारकॅर२ २० मध्ये नमस्कारसुद्धा बसत नाही, ओरा-१२८९९ ही एरर येते. कॅर हिशोब सांगावा लागतो. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस कोडपॉइंट मोजतात, तिथे बसतो.

पण वाचणाऱ्याच्या हिशोबात 'स्त्री' हे एक अक्षर, कोडपॉइंट सहा, बाइट अठरा. 'शीर्षक २० अक्षरांत' असं फॉर्मवर लिहिलंत तर कुणाची वीस, हे आधी ठरवा. आणि यादीत मजकूर छाटून दाखवताना सबस्ट्रिंग वापरलीत तर कधीतरी 'स्' एवढंच उरेल.

शिरोरेघ

धागा वाचतेय, भारी चाललाय. पण मंडळी, कॅरॅक्टर सेट हा सोपा भाग आहे. नवं काही उभं करत असाल तर उत्तर एका ओळीचं, यूटीएफ-८, आणि मायएसक्यूएल असेल तर एमबी४. खरा निर्णय कोलेशनचा आहे, म्हणजे कोणती अक्षरं 'सारखी' आणि कोणतं आधी, याचा.

हे तीन शब्द बघा.

दऱ्या
दर्‍या
दर्या

पहिले दोन तुम्हाला सारखे दिसतील, डोंगर-दऱ्यांतल्या दऱ्या. तिसरा समुद्र. पहिल्यात ऱ हे स्वतंत्र अक्षर आहे, यू+०९३१, आणि पुढे हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मग न दिसणारा जोडक, झेडडब्ल्यूजे, यू+२००डी. काही कीबोर्ड पहिलं लिहितात, काही दुसरं. टाइप करणाऱ्याला पत्ताही नसतो. तिसऱ्यात दुसऱ्यासारखंच सगळं, फक्त जोडक नाही.

आता हे तिन्ही मायएसक्यूएल ८ आणि पोस्टग्रेसमध्ये एकमेकांशी ताडून बघा आणि इथे सांगा.

कोरा_कागद

बघितले. डोकं गरगरतंय.

मायएसक्यूएल ८, डीफॉल्ट कोलेशन (०९००_एआय_सीआय): तिन्ही सारखे! समुद्र आणि दऱ्या एकच.
तिथेच ०९००_एएस_सीएस (अक्षरांवरच्या खुणा मोजणारं): पहिला वेगळा, पण दुसरा आणि तिसरा सारखे.
पोस्टग्रेस: तिन्ही वेगळे. म्हणजे दिसायला सारखे असलेले पहिले दोनसुद्धा.

एकही उत्तर मला हवं तसं नाही.

शिरोरेघ

अगदी. आणि तिन्ही उत्तरं आपापल्या नियमाने बरोबर आहेत.

ऱ म्हणजे युनिकोडच्या लेखी र अधिक नुक्ता (खालचा ठिपका). 'एआय' कोलेशन नुक्त्यासारख्या खुणा मोजत नाही, म्हणून ऱ चा र होतो. जोडक तर कोलेशनच्या कोष्टकात पूर्णपणे दुर्लक्षित असतो, म्हणून एएस_सीएसलाही दुसरा आणि तिसरा वेगळे दिसत नाहीत. पोस्टग्रेस सारखेपणा नेहमीच्या कोलेशनमध्ये बाइटांवर ठरवतं, म्हणून तिथे सगळे वेगळे.

एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी लिहिलेली रूपं एका रूपात आणणं) केलं की सुटेल, असं कुणीतरी म्हणेलच. नाही सुटत. र अधिक नुक्ता वेगळे लिहिलेले असतील तर एनएफसी त्यांचा ऱ करतं, ते चांगलंच. पण जोडकवालं रूप आणि ऱ यांना युनिकोड समतुल्य मानत नाही, त्यामुळे त्याला ते हात लावत नाही. उलट हिंदीतला 'ढ़' एकाच कोडपॉइंटचा असेल तर एनएफसी तो फोडून ढ आणि नुक्ता करतं आणि परत जोडत नाही. त्या ओळीतली यू+०९५८ ते यू+०९५एफ ही आठही अक्षरं जोडण्यातून वगळलेली आहेत.

मी असं करते: मजकूर आत येतानाच, एकाच जागी, 'र, हलन्त, जोडक' या त्रिकुटाचं 'ऱ, हलन्त' करते, मग एनएफसी. पोस्टग्रेस १३ पासून नॉर्मलाइझ फंक्शन आहे, पण मी ते ॲपमध्येच करते म्हणजे तिन्ही डेटाबेसांत तोच नियम. शोधातून आलेल्या शब्दालाही तीच गाळणी.

आणि कृपा करून सगळे जोडक सरसकट पुसू नका. कुटुंबाचा इमोजी त्या जोडकानेच बांधलेला असतो, पुसलात की एका चित्रातली माणसं सुटी होऊन रांगेत उभी राहतात.

मधलीसुट्टी

जपानीतही हेच दुखणं आहे. एआय कोलेशनमध्ये 'हाहा' म्हणजे आई आणि 'पापा' म्हणजे बाबा हे दोन शब्द सारखे ठरतात, कारण फरक फक्त एका छोट्या वर्तुळाचा. त्यासाठी यूटीएफ८एमबी४_जेए_०९००_एएस_सीएस वेगळं आहे. आणि जुन्या जनरल_सीआय व युनिकोड_सीआय या कोलेशनमध्ये तर सुशीचा इमोजी आणि बिअरचा इमोजी सारखे. चार बाइटांच्या सगळ्या अक्षरांना एकच वजन. युनिक इंडेक्सवाल्या कॉलमला हे लावलं की दुसरा इमोजी 'डुप्लिकेट' म्हणून परत येतो.

जुनं जनरल_सीआयचं टेबल आणि नवं ०९०० चं टेबल जोडायला गेलात की १२६७, 'कोलेशनची बेकायदा सरमिसळ'. स्थलांतर करताना सगळी टेबलं एकदमच बदला. आणि ५.७ मधून डंप (सगळ्या डेटाची फाइल) काढताना डीफॉल्ट कॅरॅक्टर सेट यूटीएफ८एमबी४ असा मुद्दाम सांगा, तिथला मायएसक्यूएलडंप स्वतःहून तीन बाइटांचंच घेतो आणि जे काही इमोजी वाचले असतील तेही जातील.

कोरा_कागद

आणि क्रमवारी? आमच्या यादीत 'ळ' ल च्या लगेच मागे येतोय.

शिरोरेघ

कारण युनिकोडच्या तक्त्यात तो तिथेच बसलाय, यू+०९३२ ल आणि यू+०९३३ ळ. आपली वर्णमाला मात्र ह, ळ, क्ष, ज्ञ अशी संपते. पोस्टग्रेसमध्ये आयसीयूची (युनिकोडची भाषावार नियमांची लायब्ररी) कोलेशन आहेत, त्यातलं एमआर-एक्स-आयसीयू मराठी क्रम पाळतं. ते कॉलमला कायमचं चिकटवू नका, यादी दाखवतानाच्या क्वेरीत लावा, कारण तोच कॉलम जपानी वाचकालाही दाखवायचाय. यादी मोठी असेल तर त्या भाषेच्या कोलेशनचा वेगळा इंडेक्स करता येतो.

जुना_टर्मिनल

पोस्टग्रेस घेत असाल तर एक इशारा. ऑपरेटिंग सिस्टिमचं कोलेशन वापरलंत आणि उद्या सिस्टिम अपग्रेड केली, तर क्रमाचे नियम बदलू शकतात आणि डिस्कवरचे इंडेक्स जुन्याच क्रमात राहतात. जीलिबसी (लिनक्सची मूळ लायब्ररी) २.२८ ला २०१८ मध्ये हे भल्याभल्यांना भोवलं. ओळ टेबलात आहे, इंडेक्समधून सापडत नाही. अशा अपग्रेडनंतर मजकुरावरचे इंडेक्स पुन्हा बांधा. आयसीयूची आवृत्ती बदलली तरी तेच. आणि डेटाबेस तयार करताना एन्कोडिंग यूटीएफ८ आहे ना ते बघा, एसक्यूएल_आस्की नको. ते 'आत काय येतंय ते मी बघणार नाही' असं सांगणारं एन्कोडिंग आहे.

कोरा_कागद

ठरलं तर असं: पोस्टग्रेस, यूटीएफ८. क्लायंटकडे एनव्हारकॅर आणि पॅरामीटर. शिरोरेघ यांची गाळणी दोन्हीकडे. जुन्या लॅटिन१ टेबलांची ब्लॉबमार्गे सुटका कॉपीवर झाली, हेक्स ताडून बघितला, सगळीकडे ई०ए४ आणि ई०ए५. मिश्र टेबलाचं काम चालू आहे. त्यातल्या काही ओळी मात्र विचित्र आहेत, हेक्स सरळ आस्की आहे आणि वाचायला रोमन अक्षरांची खिचडी.

जुना_टर्मिनल

तो एन्कोडिंगचा प्रश्नच नाही. कुणीतरी युनिकोडपूर्व काळातल्या फॉन्टमधला मजकूर कॉपी करून चिकटवलाय. तिथे अक्षरं रोमनच असतात, फॉन्ट त्यांना मराठी चेहरा देतो. कुठलंही कॅरॅक्टर सेटचं रूपांतर इथे कामाचं नाही. फॉन्ट कोणता ते ओळखा आणि त्या फॉन्टचाच कन्व्हर्टर शोधा. ओळी थोड्या असतील तर सरळ पुन्हा टाइप करा, लवकर होईल.

कोरा_कागद

अकरा ओळी आहेत. टाइप करतो.

अर्धचंद्र

गंमत म्हणून इथल्याच शोधात 'दऱ्या' टाकून बघितलं. शिरोरेघ यांचा प्रतिसाद सापडला. मी मागच्या वर्षी भटकंतीवर लिहिलेला 'डोंगर-दर्‍या' नावाचा धागा नाही सापडला. फोनवरून लिहिला होता. व्यवस्थापक वाचत असतील तर बघा बुवा.